चाकांवरच्या घरातली ओल



पावसाळा लागला की गटाच्या बैठकीत एक विषय हमखास निघतो. गोधड्यांना कुबट वास येतो, भिंतीला काळी बुरशी धरते, डब्यातले पापड मऊ पडतात, मिठाच्या बरणीत पाणी सुटतं. मग कुणीतरी विचारतंच, “छत कुठं गळत नाही, तरी घर ओलं कसं?”

आज आम्ही या प्रश्नाचा इतिहास सांगणार आहोत. तो सुरू होतो लांब अमेरिकेत, तिथल्या फिरत्या घरांत. एवढ्या लांब जायचं कारण असं, की घर जितकं लहान आणि बंद, तितकी ओल लवकर दिसते. आणि दुसरं कारण म्हणजे, तिथं हा प्रश्न फार पूर्वी बायकांनी सोडवला होता. पुढं त्यांचं ते ज्ञान बाजूला पडलं, आणि लोकांना तेच पैसे मोजून यंत्रांच्या रूपात विकत घ्यावं लागलं.

अमेरिकेत आर.व्ही. नावाची गाडी असते. कुणाची बसएवढी, कुणाची छोटी, मोटारीच्या मागे जोडून ओढायची. आत ओटा, पलंग, मोरी, संडास सगळं असतं. सुट्टीत लोक ही गाडी घेऊन डोंगरात, नदीकाठी मुक्कामाला जातात. काहींचं तर तेच बारा महिन्यांचं घर असतं. थंडीच्या दिवसांत अशा गाडीत सकाळी उठावं तर काचांवरून पाण्याचे ओघळ, गादीची खालची बाजू दमट, कपाटाच्या कोपऱ्यात बुरशी. पाऊस नाही, गळती नाही. मग पाणी आलं कुठून?

ते आत राहणाऱ्यांनीच केलेलं असतं. झोपेतसुद्धा माणसाच्या श्वासातून आणि अंगातून तासाला साधारण ३० ते ४० ग्रॅम पाणी वाफ होऊन जातं. चौघं जण आठ तास झोपले की लिटरभर पाणी हवेत गेलं. त्यात भात शिजला, चहा उकळला, अंघोळीचं पाणी तापलं, ओले कपडे आतच वाळत घातले. शिवाय गॅस जळतानाही पाणी तयार होतं, हे आपल्या लक्षात येत नाही. एक किलो गॅस जळला की दीड किलोहून थोडं जास्त पाणी वाफेच्या रूपात बाहेर पडतं. म्हणजे आपल्या घरचं १४.२ किलोचं सिलिंडर संपेपर्यंत सुमारे २२ लिटर पाणी स्वयंपाकघराच्या हवेत मिसळून गेलेलं असतं. हंडाभर पाणीच म्हणा ना!

ही वाफ डोळ्यांना दिसत नाही. उबदार हवा ती पोटात घेऊन बसते. ३० अंश तापमानाची एक घनमीटर हवा सुमारे ३० ग्रॅम वाफ धरू शकते, पण तीच हवा १० अंशांपर्यंत गार झाली की साडेनऊ ग्रॅमपेक्षा जास्त धरू शकत नाही. उरलेली वाफ जिथं गार जागा सापडेल तिथं पाणी होऊन बसते. थंड पाण्याच्या तांब्याला बाहेरून घाम सुटतो, तो हाच. गाडीच्या पत्र्याला आणि काचेला रात्री असाच घाम सुटतो.

आता मागे जाऊ या, चाकं नसलेल्या फिरत्या घराकडे.

अमेरिकेच्या मधल्या भागात मैलोन् मैल गवताची मैदानं आहेत. तिथं लकोटा, शायेन, क्रो, ब्लॅकफीट असे अनेक समाज राहत. गव्यासारख्या दिसणाऱ्या बायसन या जनावरांच्या कळपांमागे ते फिरत. त्यांचं घर म्हणजे तिपी. हा शब्द लकोटा आणि डकोटा लोकांच्या भाषेतलाच, राहण्याशी जोडलेला. लांब, सरळ खांब वर एकत्र बांधायचे, खाली गोल पसरायचे आणि त्यावर बायसनच्या कातड्यांचं शिवलेलं आवरण गुंडाळायचं. एका तिपीला साधारण १२ ते २० कातडी लागत. मुक्काम हलवताना तेच खांब घोड्याला जुंपून त्यावर सामान ओढून न्यायचं. घोडे येण्याआधी हे काम कुत्री करत.

हे घर बायकांचं होतं. कातडी कमावायच्या बायका, शिवायच्या बायका, घर उभं करायच्या आणि उतरवायच्याही बायकाच. सराव असलेल्या दोन बायका तासाच्या आत तिपी उभी करत. आणि तिची मालकीही बाईची असे. शायेन समाजात तर तिपीची सजावट आणि तिचे पडदे करण्याचं काम शिकवणारं बायकांचं मंडळच होतं. जाणत्या बायका नव्या बायकांना रीतसर शिकवत, आणि हे काम पवित्र मानलं जाई. आपल्या गटांशी किती जुळतं पाहा.

या घरातली ओलीची व्यवस्था समजून घेण्यासारखी आहे. तिपीच्या माथ्याला धूर जाण्यासाठी उघडी जागा ठेवलेली असे. तिच्या दोन्ही बाजूंना कानासारख्या दोन झडपा, आणि प्रत्येक झडपेला बाहेरून एक लांब काठी. वारा फिरला की काठी सरकवून झडप फिरवायची, म्हणजे वारा आत न घुसता धूर ओढला जाई. पाऊस आला की झडपा एकावर एक ओढून घ्यायच्या.

पण खरी युक्ती आत होती. खांबांच्या आतल्या बाजूने जमिनीपासून माणसाच्या उंचीपर्यंत आणखी एक पडदा बांधलेला असे. इंग्रजीत त्याला जे नाव पडलं त्याचा अर्थच दव अडवणारं कापड असा होतो. बाहेरचं आवरण जमिनीला अगदी चिकटवत नसत, खाली फट राहत असे. त्या फटीतून गार हवा आत शिरायची, पण पडद्यामुळे ती झोपलेल्या माणसांच्या अंगावर न येता आवरण आणि पडदा यांच्या मधून वर चढायची. मधल्या चुलीच्या उष्णतेने ती आणखी वर ओढली जायची आणि धूर, वाफ सगळं सोबत घेऊन माथ्यातून बाहेर पडायची. आवरणाच्या आतल्या अंगाला रात्री जे दव धरेल ते पडद्यामागे ओघळून जमिनीत जिरायचं. अंथरुणावर थेंब पडत नसे.

थोडक्यात तीन गोष्टी. आत येणारी हवा खालून, बाहेर जाणारी वरून, आणि गार भिंत व माणूस यांच्यामध्ये मोकळी जागा. आजच्या आर.व्ही. बांधणाऱ्या कारखान्यांनाही याहून वेगळं तत्त्व सापडलेलं नाही.

हे घर मोडलं ते त्यात खोट होती म्हणून नव्हे. एकोणिसाव्या शतकात गोऱ्या शिकाऱ्यांनी कातड्यांसाठी बायसनची बेसुमार कत्तल केली. कोट्यवधी जनावरांमधली १८८० च्या दशकाच्या अखेरीस जेमतेम हजारभर उरली. तिपीचं कातडं गेलं, कापडी तंबू आले. लोकांना राखीव वस्त्यांमध्ये अडकवलं गेलं. फिरणं बंद झालं आणि हळूहळू एका खोलीची, लाकडी ओंडक्यांची घरं आली. मातीने लिंपून फटी बुजवलेल्या, मधे लोखंडी शेगडी, खिडकी एखादी किंवा तीही नाही. पोटाला पुरेसं अन्न नाही, एका खोलीत माणसं जास्त. अशा वस्त्यांमध्ये क्षयरोग फार वाईट पसरला.

चार्ल्स ईस्टमन हे स्वतः डकोटा समाजाचे. डॉक्टर होऊन ते १८९० मध्ये पाइन रिज या राखीव वस्तीत नोकरीला आले. हवा न खेळणारी ही एका खोलीची घरं आजाराचं एक कारण आहेत, असं त्यांनी पुढे आपल्या लेखनात मांडलं. क्षय ओलीने होत नाही, जंतूने होतो, हे आपण आरोग्याच्या कार्यक्रमात ऐकलंच आहे. पण ज्या घरातली वाफ बाहेर जात नाही त्या घरातला खोकलाही बाहेर जात नाही. जुन्या घरात हवा खेळती ठेवायचं काम ज्या बायका करत होत्या, त्यांना नवं घर कसं असावं हे कुणी विचारलं नव्हतं.

तिपी पाहून अमेरिकी सैन्यातल्या हेन्री सिब्ली या अधिकाऱ्याने गोल, उंच तंबू तयार केला आणि १८५६ मध्ये त्याचं पेटंट घेतलं. तिथल्या यादवी युद्धात सैनिक त्यात राहिले. डझनभर किंवा जास्त माणसं एका तंबूत. थंडी-पावसात सगळी तोंडं बंद केली की सकाळी आतली हवा नकोशी होई, अशा आठवणी सैनिकांनी लिहून ठेवल्या आहेत. तंबूचा आकार घेतला होता, पण त्यात हवा कशी खेळवायची याची बायकांची समज सोबत घेतली नव्हती.

त्याच्या आधीपासून युरोपातले शास्त्रज्ञ हवेतली ओल मोजायच्या मागे लागले होते. जिनिव्हाच्या सोस्यूर यांनी १७८३ मध्ये आपला ग्रंथ छापला. त्यांचं ओल मोजायचं यंत्र कशावर चाले, सांगू? माणसाच्या केसावर. दमट हवेत केस किंचित लांबतो, कोरड्या हवेत आखडतो. पूर्ण कोरड्यापासून पूर्ण दमट हवेपर्यंत लांबीत शंभरात दोन-अडीच भागांचा फरक पडतो. केसाला काटा जोडला की ओल मोजता येते. पावसाळ्यात वेणी नीट बसत नाही, ही आपली तक्रार म्हणजे विज्ञानच आहे.

ओल कमी करणारं आधुनिक यंत्र मात्र घरासाठी जन्माला आलं नाही. १९०२ मध्ये न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागातल्या एका छापखान्यात दमट हवेमुळे कागद फुगायचा, आणि एका रंगावर दुसरा रंग नीट बसत नसे. विलिस कॅरिअर या तरुण इंजिनिअरने हवा गार नळ्यांवरून नेऊन तिच्यातलं पाणी काढून घ्यायची योजना केली. आज आपण ज्याला एसी म्हणतो त्याची सुरुवात ही अशी झाली. पहिली सोय कागदाची झाली, माणसांची पाळी नंतर आली.

पुढे मोटारी आल्या आणि त्यांच्यामागे जोडायची घरंही. १९३० च्या दशकात मंदी होती. कामाच्या शोधात निघालेली कुटुंबं अशा गाड्यांमध्ये राहू लागली आणि हौशी लोकही त्या घेऊन फिरू लागले. १९३६ मध्ये वॉली बायम यांच्या एअरस्ट्रीम कंपनीने चकचकीत ॲल्युमिनियमची गाडी आणली. १९६० च्या दशकात विनेबागो कंपनीच्या घरगाड्या कारखान्यातून भराभर बाहेर पडू लागल्या. हे नाव कंपनीने आपल्या जिल्ह्यावरून घेतलं, आणि जिल्ह्याला ते मिळालं होतं तिथल्या एका मूळ समाजावरून. नाव राहिलं, माणसं तिथून हुसकली गेली.

धातूची गाडी हलकी आणि टिकाऊ, पण धातू रात्री पटकन गार होतो. गाडी जितकी घट्ट बंद, तितकी आतली वाफ आतच. म्हणून आज अशा गाडीत राहणारे लोक काय करतात? छताला झरोका आणि त्यात पंखा बसवतात. स्वयंपाक करताना तो लावतात, भांड्यावर झाकण ठेवतात. समोरासमोरच्या दोन खिडक्या बोटभर उघड्या ठेवून झोपतात. गादीखाली जाळी घालून हवेला जागा करतात. ओले कपडे आत वाळवत नाहीत. तरीही भागलं नाही तर हवेतलं पाणी ओढून घेणारं विजेचं यंत्र, डिह्युमिडिफायर, लावतात. खाली फट, वर झरोका, मधे मोकळी जागा. तिपीचीच गोष्ट, फक्त विजेचं बिल जास्त.

ही हौसेची गोष्ट वाटेल, पण तशी ती राहिली नाही. २९ ऑगस्ट २००५ रोजी कॅटरिना हे चक्रीवादळ अमेरिकेच्या दक्षिण किनाऱ्यावर आदळलं. न्यू ऑर्लिन्स शहर बुडालं, लुइझियाना आणि मिसिसिपी राज्यांत गावंच्या गावं उद्ध्वस्त झाली. सरकारने बेघर झालेल्या लाखाहून अधिक कुटुंबांना राहायला अशाच ओढायच्या गाड्या दिल्या. सुट्टीत चार दिवस राहण्यासाठी बांधलेल्या गाड्यांमध्ये लेकराबाळांसह माणसं महिनोन् महिने राहिली. तो भाग आपल्या कोकणासारखा उष्ण आणि दमट.

मग डोळे चुरचुरणं, खोकला, दमा, नाकातून रक्त अशा तक्रारी येऊ लागल्या. या गाड्यांच्या भिंती आणि कपाटं प्लायवुडसारख्या चिकटवलेल्या लाकडाची होती. त्या चिकटद्रव्यातून फॉर्मल्डिहाइड नावाचा वायू सुटतो, आणि हवा जितकी उष्ण व दमट तितका तो जास्त सुटतो. मिसिसिपीतल्या बेकी गिलेट या पर्यावरण कार्यकर्तीने २००६ मध्ये गाड्यांमधल्या हवेच्या तपासण्या घडवून आणल्या आणि प्रश्न लावून धरला. अखेर तिथल्या केंद्रीय आरोग्य संस्थेने ५१९ गाड्यांमधली हवा तपासली आणि २००८ मध्ये वायूचं प्रमाण जास्त असल्याचं जाहीर केलं. उन्हाळ्याची धग वाढण्याआधी लोकांना तिथून हलवा, तोवर खिडक्या उघड्या ठेवा, असं सांगितलं. २०१० मध्ये अशा लाकडातून किती वायू सुटू शकतो यावर मर्यादा घालणारा कायदा झाला. घर देताना हवेचा विचार केला नाही, तर किंमत आत राहणाऱ्यांना मोजावी लागते.

आता आपल्याकडे येऊ या, आणि तेही साखरेच्या वाटेने.

अमेरिकेच्या नॉर्थ डाकोटा आणि मिनेसोटा या राज्यांच्या हद्दीवर रेड नदीचं खोरं आहे. डकोटा लोकांचं नाव लागलेलं हे राज्य. तिथं साखर बीटापासून बनते. ऑक्टोबरमध्ये बीट काढायला माणसं कमी पडतात, तेव्हा आर.व्ही.मध्ये राहणारे लोक देशभरातून येऊन गाड्या उभ्या करतात आणि बारा-बारा तासांच्या पाळ्या करतात. त्यात साठी ओलांडलेल्या बायकाही असतात. घरभाडं परवडत नाही म्हणून गाडीत राहणाऱ्या.

आणि त्याच ऑक्टोबरच्या सुमाराला आपल्या बीडमधून, अहिल्यानगरमधून बैलगाड्या आणि ट्रॅक्टर साखरपट्ट्याकडे निघतात. नवरा-बायको मिळून एक कोयता, आणि राहायला कोपी. पूर्वी कोपीवर पाचट आणि चटया असत, त्यातून हवा जात असे. आता वरून ताडपत्री किंवा प्लास्टिक टाकतात. पाऊस थांबतो खरा, पण आतला श्वासही थांबतो. थंडीत पहाटे प्लास्टिकच्या आतल्या बाजूला दव धरतं आणि अंथरुणावर थेंब पडतात. कोपीत झोपलेल्या बाईला हे सांगायला नको.

म्हणून आज ऐकलेल्या इतिहासातून आपल्या उपयोगाचं थोडं वेचून घेऊ या.

कोपी असो की घर, सर्वात वरच्या भागात बाहेर जायची वाट ठेवा आणि विरुद्ध बाजूला खाली आत यायची. आपल्या जुन्या माळवदाच्या घरांना छपरात सवणं असायचं, कुणी त्याला साणं म्हणतं. उजेड आत आणि धूर बाहेर. ते अडाणीपणाचं लक्षण नव्हतं.

प्लास्टिकखाली आतून जुनी साडी किंवा पोतं वीतभर अंतर ठेवून, चुलीपासून लांब बांधलं, तर थेंब अंगावर पडत नाहीत. हाच तो दव-पडदा.

धान्याची पोती, ट्रंक, कपाट भिंतीला चिकटवून ठेवू नका. मागे वीतभर जागा, खाली फळी किंवा विटा.

भर पावसाळ्यात बाहेरची हवाच दमट असते, तेव्हा दिवसभर दारं उघडी ठेवून घर कोरडं होणार नाही. त्या दिवसांत आतली वाफ कमी करा. भांड्यावर झाकण ठेवा, स्वयंपाकाच्या वेळी तेवढी खिडकी उघडा, कपडे पडवीत वाळवा. उघडीप मिळाली, ऊन पडलं की दोन्ही दारं सताड उघडून गोधड्या बाहेर काढा.

आणि एक गोष्ट कधीही करू नका. ऊब हवी किंवा ओल घालवायची म्हणून बंद खोलीत, बंद कोपीत पेटती कोळशाची शेगडी ठेवून झोपू नका. तिच्यातून वास नसलेला विषारी वायू निघतो, आणि झोपलेलं माणूस उठत नाही.

शेवटी घरकुलाबद्दल. प्रधानमंत्री आवास योजनेत ग्रामीण घर किमान २५ चौरस मीटरचं असतं, स्वयंपाकाच्या जागेसह. घर बाईच्या नावावर किंवा दोघांच्या नावावर व्हावं, यावर योजनेचा भर आहे. ही मोठी गोष्ट आहे. पण कागदावर आपलं नाव आलं, तरी झरोका कुठं हवा, खिडकी कुणीकडे हवी, हे अजून गवंडी आणि घरातले पुरुषच ठरवतात. स्लॅब पडल्यावर बोलून उपयोग नसतो. पाया आखतानाच बोलावं लागतं.

तिपी उभी करणाऱ्या बाईचं घर तिच्या मालकीचं होतं, आणि झडप कुणीकडे वळवायची हेही तीच ठरवत होती. आपल्या गटात ज्यांचं घरकुल मंजूर झालं आहे त्यांची यादी पुढच्या बैठकीत करा. प्रत्येकीच्या घराचा आराखडा सगळ्यांनी मिळून पाहा आणि एकच प्रश्न विचारा, वाफ बाहेर कुठून जाणार? उत्तर सापडेपर्यंत पुढचं काम सुरू होऊ देऊ नका.